ब्रिम्बलचे जिवलग

१

"चोर सापडलाय. तुम्ही फक्त घेऊन जायला या."

खाटीक एबल रज माझ्या दुकानाच्या दारात उभा राहून हे बोलला, तेव्हा त्याच्या तोंडाचा वास माझ्या कामाच्या पाटापर्यंत आला. बाजाराचा दिवस, सूर्य अजून चांगला वर, आणि हा माणूस चौकटीला धरून उभा होता.

मी जिनगर. खोगिरं आणि लगाम शिवणं हा माझा धंदा. पण वॉटर्लूच्या लढाईनंतर दुसऱ्या वर्षी वेदरलीत कॉन्स्टेबल होण्याची पाळी माझ्यावर आली होती. आमच्याकडे ती घरटी येते, पगार नाही, नाकारायची सोय नाही. वर्षभर गावातली घाण आपल्या हातांनी उचलायची, एवढाच त्याचा अर्थ.

"कोणाचं काय गेलं?" मी विचारलं.

"ब्रिम्बलचं घड्याळ. चांदीचं. आणि घेतलं त्या केझियानं. पास्कबाईंची मोलकरीण, ती."

पास्कबाईंच्या गुत्त्याचं नाव 'निळं डुक्कर'. नदीच्या धक्क्याला लागून. पुढे मिसेस पास्कचं बसायचं टेबल आणि पिंपं, मागे एक खोली. त्या खोलीला एकच दार, आणि ते पास्कबाईंच्या डोळ्यांसमोर. आत पाऊल टाकलं की तंबाखूचा धूर, आंबलेली बिअर आणि न धुतलेली माणसं यांचा एकत्र भपका येई. कोपऱ्यात वाळू आणि लाकडाचा भुसा भरलेली पिकदाणी होती. तिच्याकडे मी कधीच बघत नसे.

जोसाया ब्रिम्बल टेबलाशी बसला होता. जवाचा मोठा व्यापारी, गावात दोन कोठारं, गळ्याखाली तीन वळ्या. वास्कुटावर सकाळपासूनच्या जेवणाखाणाचे डाग. घड्याळाच्या काळ्या फितीचं उरलेलं टोक तो बोटांत धरून हुंदके देत होता.

"माझं घड्याळ, थोर्ली! माझ्या बापाचं! जरा डोळा लागला, तेवढ्यात..."

त्याच्या अवतीभवती त्याचे जिवलग. खाटीक रज माझ्यामागून आत आला होता. सायलस ऑर्चर्ड शिंपी, काटकुळा, सदा डोकं एका बाजूला कललेलं. आणि नेड गलिक, धक्क्यावर कोळशाची पोती वाहणारा, बैलासारखा. दर बाजाराच्या दिवशी हे चौघे दुपारपासून इथे बसत, आणि पाजणारा बहुतेक ब्रिम्बलच असे.

केझिया भिंतीला टेकून उभी होती. सतराअठराची पोर. तिच्या झग्याची बाही खांद्यापाशी उसवलेली. पास्कबाईंनी सगळ्यांदेखत तिची झडती घेतली होती आणि तिच्या खिशातलं किडुकमिडुक टेबलावर ओतलं होतं.

"सापडलं?" मी विचारलं.

"कसं सापडेल?" पास्कबाई करवादल्या. "पेले आणायच्या निमित्तानं बाहेर गेली होती की. दिलं असेल कुण्या यारदोस्ताला. खोलीतून बाहेर गेलेली हीच एकटी. ओरडा होईपर्यंत बाकी कुणी बाहेर पडलं नाही, मी दारातच बसलेय."

"आणि या तिघांना तपासलं?"

नेड गुरगुरला, "आम्ही मित्र आहोत त्याचे."

"म्हणूनच विचारतोय," मी म्हणालो. "पास्कबाई, तुम्ही बाहेर व्हा. तुम्ही तिघे, भिंतीशी उभे राहा आणि बूट काढा."

त्या झडतीचं वर्णन मी करणार नाही. रजच्या खिशातून एक हाड निघालं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. ऑर्चर्डकडे खडू, दोऱ्याचं रीळ आणि लहान कात्री. नेडकडे पाइप आणि एक गंजका चाकू, ज्यानं लोणीही कापलं गेलं नसतं. मोजे उलटे केले, सदरे झटकले, टोप्यांच्या अस्तरात बोटं घातली. टेबलाखाली रांगून पाहिलं. चूल, खिडकीची फट, बाकांच्या खालचा भाग, सगळं पाहिलं. घड्याळ नाही.

ब्रिम्बलनं नाक पुसलं. "बघितलंस? उगाच माझ्या मित्रांचा अपमान केलास. मी तक्रार करतो. उद्या सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे. जाऊ दे तिला काळ्या पाण्यावर."

तो नुसतं बोलत नव्हता. चांदीच्या घड्याळासाठी माणसाला जहाजात घालून न्यू साउथ वेल्सला धाडत, आणि तिथून मोलकरीण पोर परत आल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या वस्तू उचल," मी केझियाला म्हणालो. ती एकेक वस्तू खिशात भरू लागली, मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

२

मी तिला लगेच नेलं नाही. झडतीची घाण मागच्या पंपावर धुतली, पुढच्या खोलीत बसलो आणि एकेकाला बोलावलं.

रज आधी आला. "मी खाटीक आहे. मेंढ्याच्या पोटात हात घालतो, माणसाच्या खिशात नाही."

"तू काय पाहिलंस?"

"पेला."

"आणि पेल्यापलीकडे?"

"दुसरा पेला." तो स्वतःच्याच विनोदावर हसला, पण डोळे माझ्याकडे आले नाहीत. "हे बघा थोर्ली, मला कशाला मध्ये ओढता? पोरीचं नाव मी नाही घेतलं. नेडनं घेतलं. ब्रिम्बल जागा होऊन ओरडायला लागला, तसा नेड म्हणाला, ती पोरगी आत्ताच त्याच्यावरून वाकली होती."

मग ऑर्चर्ड. तो बसला तोही असा, जणू माझं माप घेतोय.

"वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "गरिबाची पोर. पण मोह वाईट. ब्रिम्बल घोरत होता, घड्याळ पोटावर लोळत होतं, आणि तिचं वय ते काय!"

"तिचं नाव आधी कोणी घेतलं?"

"रजनं बहुतेक. का सगळ्यांनीच? आता नेमकं कसं सांगू? आम्ही काय कोर्टात बसलो होतो?"

शेवटी नेड. त्यानं आत येताच माझा हात आपल्या भल्यामोठ्या पंज्यात धरला. पंजा चिकट होता आणि तो सोडेना.

"हात धरून सांगतो थोर्लीसाहेब, देवाशपथ सांगतो, मी त्याच्या घड्याळाला शिवलो नाही. मी का शिवेन? ब्रिम्बल माझा भाऊ आहे! भावापेक्षा जास्त!" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दारूड्यांचं रडणं मला त्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त किळसवाणं वाटतं. "ती पोरच तसली. माझा अख्खा पेला सांडला तिनं, भरलेला! माझ्या बाकाखाली बघा, अजून ओलं आहे. गडबडली होती ना, चोरी करून!"

बाकाखाली मघाशी रांगताना माझा गुडघा भिजला होता, ते खरं होतं.

मी हात सोडवून घेतला. पास्कबाईंनी काही न विचारता पाव आणि चीज पुढे केलं. कॉन्स्टेबलला खूश ठेवलेलं बरं असतं, गुत्त्याचा परवाना त्याच्या एका शब्दावर अडतो. मी पावाचा तुकडा मोडला आणि खात खात विचार केला. तो पांढरा पाव मला चांगला आठवतो.

निघताना ब्रिम्बलकडून फितीचं टोक मागून घेतलं आणि केझियाला घेऊन घराकडे चाललो. धक्क्याजवळची कोठडी उंदरांनी भरलेली होती, तिथे तिला ठेवायची माझी तयारी नव्हती.

३

घरी माझी बहीण डॉर्कस असते. तिनं केझियाकडे पाहिलं, उसवलेल्या बाहीकडे पाहिलं, आणि तिला चुलीजवळ बसवलं.

"मी घेतलं नाही," केझिया म्हणाली.

"घेतलंस की नाही, ते मला अजून माहीत नाही," मी म्हणालो. "नेडचा पेला का सांडलास?"

ती चकित झाली. "मी काही सांडलं नाही. त्यांचा पेला भरून टेबलावर ठेवला, तेव्हा ब्रिम्बलसाहेब झोपले होते. मी परत आले तर पेला रिकामा आणि खाली थारोळं. मला वाटलं, आता मलाच पुसायला लागणार." मग म्हणाली, "आज पुसणार कोण? पिकदाणीही आजच रिकामी करायची आहे. ती मी रोज संध्याकाळी खड्ड्यात ओतते. पास्कबाई तिला हात लावत नाहीत. त्यांना ओकारी येते."

या पोरीला काळं पाणी दिसत होतं आणि ती पिकदाणीची काळजी करत होती.

डॉर्कसनं सूप वाढलं आणि माझ्या मनगटावर पळी मारली. "आधी हात धू. त्या कोळशेवाल्याच्या हातात हात देऊन आला असशील, आणि तेच हात माझ्या टेबलावर."

मी मुकाट उठलो, हात पाण्यात घालणार, आणि तसाच थांबलो.

माझा हात स्वच्छ होता.

नेड गलिकनं माझा हात धरला होता, दाबला होता, सोडला नव्हता. तो रोज कोळसा वाहतो. त्यानं रविवारी चर्चच्या दाराला हात लावला तर सोमवारी कुणालाही कळतं. आणि त्या हातानंतर मी पांढरा पाव खाल्ला होता, त्यावर एक डाग नव्हता.

त्यानं हात धुतला होता. पण तो तर तोवर खोलीबाहेर गेला नव्हता, आणि आत पाणी नव्हतं.

चिकट हात. सांडलेली बिअर.

नेड गलिकला मी वीस वर्षं ओळखतो. तो टेबलावर सांडलेली बिअर चाटून घेतो. त्यानं भरलेला पेला स्वतःच्या हातावर ओतला असेल तर त्या हाताला असं काहीतरी लागलं होतं, जे त्यालासुद्धा सहन झालं नाही. कोळशाची ज्याला लाज नाही, त्यालाही ज्याची शिसारी यावी असं त्या खोलीत काय होतं?

"मॅथ्यू, सूप निवतंय," डॉर्कस म्हणाली.

"मला आता जेवण जाणार नाही," मी म्हणालो आणि टोपी उचलली.

४

ते चौघे अजून तिथेच होते. ब्रिम्बल परत पाजत होता. घड्याळाच्या दुःखात.

मी कोपऱ्यात गेलो, श्वास रोखला, पिकदाणी दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या पेल्यांच्या मधोमध ठेवली.

"ए! अरे!" ब्रिम्बल मागे सरकला. "हे काय थोर्ली? शिसारी नाही येत?"

"येते," मी म्हणालो. "नेड, हात घाल आत. तुला सवय आहे."

नेडचं तोंड पांढरं पडलं. कोळशानं काळ्या झालेल्या माणसाचं तोंड पांढरं पडतं तेव्हा ते फार वाईट दिसतं, राखेसारखं. त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ऑर्चर्डचं कललेलं डोकं मात्र सरळ झालं.

मग बाही वर करून मीच हात घातला. वरती गार चिकट थर, त्याखाली भिजलेला भुसा, त्याखाली वाळू. दात आवळून मी बोटं फिरवली. काहीतरी गोल लागलं.

घड्याळ बाहेर काढून मी ब्रिम्बलपुढे ठेवलं. ते त्यानं उचललं नाही.

"ब्रिम्बल जागा व्हायला लागला," मी म्हणालो, "तेव्हा घड्याळ नेडच्या हातात होतं. त्यानं ते आपल्या बाकाजवळच्या पिकदाणीत खुपसलं आणि हात आपल्याच बिअरनं धुतला. आता एकच अडचण उरली. ही पिकदाणी रोज संध्याकाळी रिकामी करणारी एकच व्यक्ती. ती आज कामावर राहिली असती तर घड्याळ तिला सापडलं असतं. म्हणून चोर तीच ठरायला हवी होती. तिचं नाव पहिलं घेतलं नेडनं."

"मी नाही!" नेड ओरडला. "म्हणजे मी पुरलं, पण काढलं मी नाही!"

"मला माहीत आहे," मी म्हणालो आणि फितीचं टोक टेबलावर ठेवलं. "तुझ्या चाकूनं ही फीत कापली असती तर चिंध्या झाल्या असत्या, आणि ओढाओढीत ब्रिम्बल उठला असता. हे बघ टोक, सरळ. ही कात्री आहे. या खोलीत कात्री एकाकडेच सापडली."

ऑर्चर्डनं डोकं परत एका बाजूला कलवलं आणि तो गोड हसला. "अरे, गंमत केली हो! मित्राची गंमत! उद्या परत देणारच होतो. काय नेड?"

"गंमत," नेड म्हणाला. त्याला हा शब्द बुडत्या माणसाला फळी मिळावी तसा मिळाला. "हो तर. गंमतच."

"आणि पोरीला उद्या मॅजिस्ट्रेटपुढे नेणार होतो, ती कुणाची गंमत?"

मी रजकडे वळलो. "तू त्यांच्या समोर बसला होतास."

"पाहिलं मी," रज पेल्यात बघत म्हणाला. "पण मला काय करायचंय? मी घेतलं नाही ना? उगाच मित्रांत वाकडं यायचं."

मी ब्रिम्बलकडे पाहिलं. आता हा उठेल, यांच्या मुस्कटात देईल, असं मला वाटलं. त्याच्या तिन्ही वळ्या थरथरल्या. आणि तो हसायला लागला.

"पिकदाणीत!" तो हसत हसत म्हणाला. "माझ्या बापाचं घड्याळ, पिकदाणीत! अरे हलकटांनो! पास्कबाई, आणा अजून चार!"

मी मागच्या पंपावर जाऊन हात धुतला. कितीतरी वेळ धुतला.

५

मॅजिस्ट्रेट मिस्टर हॅलिडन आपल्या जेवणघरात न्याय करत. दुसऱ्या सकाळी तिथे आम्ही सगळे उभे होतो. ब्रिम्बल घरी गेलाच नसावा, कालचंच वास्कुट, कालचेच डाग, त्यात थोडी भर.

"माझी तक्रार नाही, साहेब," तो म्हणाला. "मित्रांची गंमत होती. चोरी झालीच नाही."

"काल तुम्ही या मुलीवर चोरीचा आरोप केला होता."

"ती चोरी होती, साहेब. ही गंमत आहे."

हॅलिडननी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ज्याचं गेलं त्यानंच खटला चालवायचा, असा कायदा. त्याची तक्रार नाही तर खटला नाही. शिंपी आणि हमाल एकमेकांना कोपर मारून हसत होते.

"ठीक आहे," हॅलिडन कंटाळून म्हणाले. "मुली, तू मोकळी आहेस. काही बोलायचं आहे?"

केझिया पुढे आली. आवाज बारीक होता, पण ठाम होता. "माझं अंगुस्तान, साहेब. शिवताना बोटात घालायचं. चांदीचं आहे. आईनं मरताना दिलं. काल खिशातून टेबलावर ओतलं, आणि वस्तू उचलायला गेले तर नव्हतं. मला वाटलं खाली पडलं असेल. मग काल रात्री डॉर्कसबाई विचारायला गेल्या, तर पास्कबाईंनी केर काढला, त्यातही नाही म्हणाल्या."

"पास्कबाईंनीच ठेवून घेतलं असेल," ऑर्चर्ड पुटपुटला.

"तुम्ही ते शेवटचं कधी पाहिलंत?" हॅलिडन तिला 'तुम्ही' म्हणाले. माझ्या लक्षात आलं, तिच्याही आलं असावं.

"हे साहेब या तिघांना बूट काढायला लावत होते तेव्हा. तेव्हा टेबलावर होतं. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणजे रडू येऊ नये म्हणून. मग नेडनं बूट माझ्या बाजूला भिरकावला, मी तोंड फिरवलं."

माझ्या डोक्यात ती खोली परत उभी राहिली. पास्कबाईंना मीच बाहेर काढलं होतं. हे तिघे भिंतीशी, सदऱ्यावर, माझ्या हाताखाली. त्यांच्या मोज्यांपर्यंत मी तपासलं होतं. जमिनीवर मीच रांगलो होतो. त्या खोलीत टेबलाशी एकच माणूस बसला होता, आणि त्याच्या खिशाकडे पाहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ज्याच्याकडे चोरी झाली, त्याची झडती कोण घेतो?

"साहेब," मी म्हणालो, "मिस्टर ब्रिम्बलना खिसे उलटे करायला सांगा."

"माझे?" ब्रिम्बल म्हणाला. "अरे, चोरी माझी झाली!"

"खिसे," हॅलिडन म्हणाले.

वास्कुटाच्या उजव्या खिशातून चीजचा तुकडा निघाला, मग रुमाल, आणि रुमालाच्या घडीतून लहानसं अंगुस्तान घरंगळत टेबलावर आलं.

ब्रिम्बलनं ते असं पाहिलं, जणू प्रथमच पाहतोय. "तारण म्हणून ठेवलं," तो म्हणाला. "घड्याळाच्या बदली. माणसाचं नुकसान झालं तर... घे बाई, घे. हे घे. चुकून राहिलं. गंमत झाली."

"तिच्या अंगुस्तानानं तुमचं पोट भरणार होतं का हो?" हॅलिडननी विचारलं. त्यांनी खुर्ची थोडी मागे ओढली. टेबलाच्या पलीकडून काहीतरी वास यावा तशी. "वस्तू तुमची आहे. तक्रारही तुमचीच. हा माणूस श्रीमंत आहे, तुम्हाला भरपाई देईल. तक्रार करायची आहे का?"

"देईन, देईन," ब्रिम्बल म्हणाला. "नवा झगा देईन. थोर्ली, सांग की तिला!"

मी केझियाकडे पाहिलं.

केझियानं अंगुस्तान उचललं, बोटात घालून पाहिलं आणि मूठ मिटली.

"करायची आहे," ती म्हणाली.

६

खटला उभा राहीपर्यंत ब्रिम्बलला परगण्याच्या तुरुंगात पोचवण्याचं काम माझंच. मी भाड्यानं गाडी आणली. रस्ता धक्क्यावरूनच जातो.

गाडीत तो आधी चिडला, मग रडला, मग मला म्हणाला, "एका अंगुस्तानासाठी, थोर्ली? एका पोरीच्या अंगुस्तानासाठी?" मी घोड्याकडे पाहत राहिलो.

'निळं डुक्कर' जवळ आलं तसा तो उठून बसला. गुत्त्याची खिडकी उघडी होती. आत तिघेही होते, ऑर्चर्ड, नेड आणि रज. कोर्टातून थेट तिथेच आले होते.

"थांब ना जरा," ब्रिम्बल माझी बाही ओढत म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "फक्त एक पेला. ते आणून देतील. मित्र आहेत माझे. ए सायलस! नेड!"

मी गाडी थांबवली. का थांबवली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा मलाच पाहायचं होतं.

तिघांनी वळून पाहिलं. ऑर्चर्डनं पेला उंच केला. नेडनंही केला. रजनं हात हलवला. ब्रिम्बलनं दोन्ही हात हलवून उत्तर दिलं, त्याचा चेहरा फुलला. आणि मग तिघे परत एकमेकांकडे वळले आणि बोलायला लागले.

आम्ही वाट पाहिली. घोडा फुरफुरला. दारातून कुणी आलं नाही.

"विसरले वाटतं," ब्रिम्बल म्हणाला. "गडबडीत आहेत." थोड्या वेळानं म्हणाला, "चल."

पूल ओलांडेपर्यंत तो मागे वळून वळून पाहत होता. मी लगाम सैल सोडला आणि त्याच्या बाजूला तोंड करायचं टाळलं, कारण तो आता खरंच रडत होता, आणि मला कणव यायला नको होती.